गोलामागून पाहिलेलं लडाख

बर्फावरच्या हॉकीचे फोटो काढायला कधी जाणार असाल तर सोबत एक गोणपाट न्या. लेन्स, तिपाई, महागडे हातमोजे यांच्याबद्दल सगळे सांगतात, गोणपाटाबद्दल कुणी सांगत नाही. मैदानाच्या कडेला गुडघे टेकून बराच वेळ बसावं लागतं आणि खाली बर्फ असतो. मी डिचोलीहून काजूचं रिकामं पोतं नेलं होतं. माझ्या सगळ्या सामानात लडाखी लोकांनी हेव्यानं पाहिलेली तेवढी एकच वस्तू.

डिचोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी, दशावतारी नाटकं, पासपोर्टचे फोटो. खेळाचं म्हणाल तर शाळांचे क्रीडादिन. तिथंच सुलक्षाची ओळख झाली. ती पेडण्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते. सगळे तिला टीचर म्हणतात, तिची आईसुद्धा. डिचोलीजवळ एका बंद खाणीचं सिमेंटचं आवार आहे, जिथं पूर्वी खनिजाचे ट्रक उभे असत. त्या आवारात ती कित्येक वर्षं मुलींना चाकांचे बूट घालून हॉकी शिकवते आहे. चाकांवरून ती बर्फावर कशी गेली असं विचाराल, तर सोपं आहे. बर्फावर खेळणाऱ्या संघांची एक स्पर्धा लडाखात होते, बायकांची. तिथल्या एका मंडळानं परराज्यातले चाकांवर खेळणारे संघही बोलावले, आणि ही गेली. गोव्यात बर्फ येतो तो मासळी बाजारात. त्याच्यावर उभं राहण्याची वेळ आमच्यापैकी कुणावर आली नव्हती.

गेल्या वर्षी गोव्याच्या संघानं तिथं एकही गोल केला नाही. परत आल्यावर पेडण्याच्या बाजारात सुलक्षाला भाजीवालीनंही सोडलं नाही. ‘‘टीचर, बर्फ खावन इलास मगे?’’ यंदा ती पुन्हा निघाली होती, आणि हे शेवटचं होतं. तिचा उजवा गुडघा गेलाय. शिगम्यानंतर ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढं बुटांना हात लावायचा नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

डिसेंबरात एक दिवस ती स्टुडिओत आली.

‘‘ताई, फेब्रुवारीत लग्नां असत तुमची?’’

‘‘असतात की. कित्याक?’’

‘‘एक आठवडो सोडा आनी लडाखाक येवा. माका एक गोल करूचो असा. त्याचो फोटो व्हयो.’’

‘‘आनी गोल जालो नाय तर?’’

‘‘तर लडाख बगून येवा. ता खंय पळान जाता?’’

मी दोन लग्नं भाच्याच्या गळ्यात घातली आणि निघाले.

मोपा

सुलक्षाचे मामा ज्या सड्यावर गुरं चारायचे तिथूनच आता विमान उडतं. मामा पोचवायला आले होते. त्यांना विमानतळापेक्षा आपल्या जुन्या करवंदीच्या जाळ्यांची जागा दाखवण्यात जास्त रस होता. ‘‘थंय, त्या काचेच्या फुडे,’’ असं म्हणून त्यांनी तिकीट तपासणाऱ्या पोलिसाकडे बोट केलं. पोलीस जरा दचकला.

तपासणीत आम्हाला अडवलं ते काठ्यांसाठी नव्हे, माझ्या बरणीसाठी. तीत सुक्या सुंगटांचं किसमूर होतं, म्हणजे भाजलेली सुकी कोळंबी आणि खोबरं. दिल्लीकडच्या त्या अधिकाऱ्यानं झाकण उघडलं, हुंगलं आणि काही न बोलता परत लावलं. अशा प्रसंगी आपणही काही बोलू नये.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. बसलो, उतरलो, पुन्हा बसलो.

लेहच्या बाहेर, डोलमाच्या घरी

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही करायचं नसतं. मला हे पटत नव्हतं. पण जिना चढून वर गेले आणि आपण वर कशाला आलो तेच आठवेना, तेव्हा पटलं. हवा विरळ आहे. आमच्या मुली, ज्या डिचोलीच्या चढावर सायकली दामटतात, त्या अंथरुणं पसरून माशांसारख्या तोंडं उघडून पडल्या होत्या.

आम्ही लेहपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात डोलमा नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. गावाच्या वर एक तळं आहे. ते गोठलं की कडेनं फळ्या ठोकायच्या, संध्याकाळी वरून पाणी सोडायचं आणि सकाळी त्याची पाटी झालेली असते. हेच मैदान. डोलमा तरुणपणी स्वतः खेळायची, आता ती पंच. पन्नाशीची, गालांवर दोन लालबुंद ठिपके, आवाज एस.टी.च्या वाहकासारखा. आमची गाठ हिंदीवर पडली. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं.

त्यांच्याकडे सकाळी खंबीर नावाची जाड गोल भाकरीसारखी रोटी असते. कोंड्याची, जरा आंबवलेली. आमच्या पोयेची, म्हणजे गोव्यातल्या कोंड्याच्या पावाची, थंडीतली बहीण म्हणा. सोबत मीठ आणि लोणी घातलेला चहा. चहा समजून प्याल तर फसाल. सार समजून प्या, मग दुसरा पेला मागाल. मी मागितला.

दुपारी भाताबरोबर मी माझी बरणी काढली. डोलमानं वाकून पाहिलं.

‘‘ये क्या है?’’

‘‘समुंदर का छोटा कीडा समझो. खाके देखो.’’

तिनं चमच्यात घेतलेल्या सुंगटांकडे बघून ओठ हलवले. मोजत होती. मग चमचा परत बरणीत रिकामा केला. ‘‘दीदी, एक चम्मच में इतने जीव? हम लोग एक याक मारते हैं, पूरा गाँव जाड़ा काटता है. एक जान, बस.’’

मी म्हटलं, ‘‘सोमवार को हम नहीं खाते.’’

‘‘और बाकी दिन?’’

बाकीच्या दिवसांचा हिशेब द्यायच्या भानगडीत मी पडले नाही. शमिका, आमची गोलकीपर, डिचोलीची, कोपऱ्यातून हळूच म्हणाली, ‘‘मावशी, ती बरणी हंय सरकया. माझ्यावर पापां आदीच खूप असत.’’ आणि अर्धी बरणी तिनं संपवली.

बुखारीजवळ

तिसऱ्या दिवशी सराव. मी पोतं घेऊन तळ्याच्या कडेला बसले. आधी एक सांगते. कॅमेऱ्याला भरपूर पांढरं दिसलं की तो घाबरतो आणि सगळा फोटो करडा करून टाकतो. मला ते नवीन नव्हतं. म्हापशाच्या चर्चमध्ये पांढरे गाऊन घातलेल्या इतक्या नवऱ्या मुलींचे फोटो मी काढलेत की बर्फ म्हणजे फक्त फार मोठी नवरी. कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप एक-दीड घर वाढवायचं, झालं. थंडीत बॅटऱ्या मरतात, म्हणून त्या अंगाच्या उबेत ठेवायच्या. मी त्या ब्लाउजात ठेवल्या, जिथं आमच्या मासेवाल्या बटवा ठेवतात. एकंदर मी स्वतःवर खूश होते.

मुली मात्र खूश नव्हत्या. चाकांवर थांबायचं तर मागचा पाय आडवा घासतात. बर्फावर तसं केलं की पाय एकीकडे जातो आणि बाई दुसरीकडे. तिथं बुटांखालची दोन्ही पाती एकदम आडवी वळवून बर्फ खरवडत थांबावं लागतं, आणि ते सिमेंटवर शिकता येत नाही. म्हणून आमचा संघ एकाच पद्धतीनं थांबत होता, फळीवर आपटून. धाड, धाड असे आवाज ऐकून गावातली म्हातारी माणसं गंमत बघायला आली.

संध्याकाळी घरी परतल्यावर मी एक चूक केली, आणि ती फक्त गोवेकरीणच करील अशी. आमच्याकडे जूनपासून सगळ्याला ओल धरते. पापड, पुस्तकं, कपडे, लेन्स. ओलीवर औषध एकच, ऊब. कपाटात बल्ब लावायचा, नाहीतर चुलीजवळ ठेवायचं. म्हणून आल्याआल्या मी कॅमेरा पिशवीतून काढून खोलीतल्या बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या लोखंडी शेगडीजवळ, मांडला. पाच मिनिटांत त्याला घाम फुटला. काचेवर पाणी, बटणांत पाणी, आतल्या पडद्यावर ढग. त्या गारठ्यातून आलेल्या धातूवर खोलीतली सगळी वाफ येऊन बसली होती. आमच्याकडे ओल घालवायला ऊब लागते, तिथं ऊबच ओल घेऊन येते. मी कॅमेरा पुसून तसाच थंड ओसरीत नेला, एका बंद पिशवीत गुंडाळला आणि देवाचं नाव घेतलं. सकाळी तो चालू झाला. तेव्हापासून कॅमेरा बाहेर झोपला आणि मी आत.

सुलक्षानं तो घामाघूम कॅमेरा पाहिला होता. ‘‘ताई, गोल जालो आनी फोटो नाय, असा करू नकात हां.’’

‘‘आदी गोल कर गे.’’

पहिले दोन सामने

पहिल्याच सामन्यात आमचा धुव्वा उडाला. लडाखी मुली लहानपणापासून बर्फावर. त्यांच्या पायांखाली बर्फ आहे की नाही असं वाटत होतं. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, दिसायचीच नाही, फक्त शमिकाच्या पॅडवर आपटल्याचा आवाज यायचा. नाहीतर आपटल्याचा आवाज यायचा नाही आणि तिच्या मागची जाळी हलायची. गोलांची संख्या दोन आकडी झाली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघानं तेवढीच मेहनत घेतली.

मी दोन्ही दिवस आमच्या गोलामागे, जरा कोपऱ्यात बसले होते. साधा हिशेब. दशावतारात राक्षस कुठल्या बाजूनं येणार हे माहीत असलं की कॅमेरा तिकडे लावून बसायचं. इथं राक्षस एकाच बाजूनं येत होते. फोटोही झकास मिळाले. शमिका उडी मारतेय, शमिका आडवी, शमिका फळीखाली, शमिका जाळीत अडकलेली.

दुसऱ्या सामन्यानंतर सुलक्षा गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. निदान बर्फ तरी फुकट होता. मी तिला फोटो दाखवले. तिनं सगळे पाहिले.

‘‘ताई, तुमी दोन दिस आमच्याच गोलामागे बसलास.’’

‘‘खेळ थंयच चलता. मी काय करू?’’

‘‘खरा असा. पण आमी मान वर केली की आमका काय दिसता? पल्याडचो गोल रिकामो. आनी आमचीच फोटोवाली आमच्यार गोल कोण करतलो ता बगीत बसली असा.’’

‘‘सुलक्षा, थंय बसलंय तर माका पांढरो बर्फ सोडून काय गावचा नाय.’’

‘‘मगे बर्फाचो फोटो काडा.’’

ती हसत नव्हती. मुली शूजच्या नाड्या सोडत होत्या त्या थांबल्या. शमिकानं वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘‘मावशी, जावा थंय. माझे फोटो खूप जाले. घरी बगले तर माका न्हवरो गावचो नाय.’’

मला हे काही पटलं नाही. मी पैशाचा माणूस नसले तरी फ्रेमचा माणूस आहे. रिकाम्या फ्रेमा काढायला मी दोन लग्नं सोडली नव्हती. पण तिचा शेवटचा सामना होता. उद्यानंतर तिला गोल करायला मैदानच उरणार नव्हतं. मी म्हटलं, बरं.

तिसरा सामना

शेवटचा सामना डोलमाच्या गावच्या संघाशी होता आणि पंच डोलमाच. ऊन डोंगरावरून खाली येतं तशी तळ्यावर सावलीची एक कड सरकत जाते. ती कड मैदानाच्या मध्यावर येईपर्यंत सामने संपवायचे, कारण उन्हात बर्फ वरून पाणावतो. त्या दिवशी आधीचा एक सामना लांबला, आणि आमचा सुरू झाला तेव्हा कड फळ्यांना टेकली होती.

मी पलीकडच्या गोलामागे पोतं पसरून बसले. सुरुवातीला अगदी ठरल्यासारखं झालं. म्हणजे काहीच झालं नाही. दूर तिकडे गर्दी, आरडाओरड, शमिकाची धडपड, आणि माझ्यासमोर त्यांची गोलकीपर, एक गोबरी मुलगी, एकटीच उभी. तिलाही कंटाळा आला होता. तिनं मला हातवारे करून विचारलं, पोतं कुठून आणलं? मी तिचे दोन फोटो काढले. छान आले, पण त्याचा उपयोग काय?

सामन्याच्या तिसऱ्या, शेवटच्या भागात ऊन थेट मी बसले होते त्या टोकाला आलं. बर्फावर पाण्याचा पातळ थर चकाकू लागला. डोलमानं शिटी वाजवून खेळ थांबवला, पातं टेकवून बघितलं आणि दोन्ही कप्तानांना बोलावलं. लडाखात असा बर्फ झाला की सामना तिथंच संपवतात, आणि जो गुणफलक असेल तो खरा. गुणफलक सहा-शून्य होता.

‘‘खतम करते हैं. गिर जाओगे,’’ डोलमा म्हणाली.

आमची कप्तान सुलक्षाच. ती हेल्मेट काढून म्हणाली, ‘‘मॅडम, हम तो वैसे भी गिर रहे हैं. थोड़ा और गिरने दो.’’

त्यांची कप्तान खो-खो हसली आणि मान हलवली. खेळ पुढं सुरू झाला.

आणि मग एक गंमत झाली. पाणावलेल्या बर्फावर पातं धावत नाही, चिकटतं. लडाखी मुलींचा वेग गेला. त्या वळायला जायच्या आणि वळण अर्ध्यात संपायचं. आमच्या मुलींना मात्र हे सवयीचं होतं. सिमेंटवर चाक असंच खरखरतं, ढकलावंच लागतं, चकती अशीच रखडते. लडाखात आल्यापासून पहिल्यांदा त्या फळीवर न आपटता थांबल्या. मी पोत्यावर सरळ होऊन बसले.

शमिकानं चकती लांब मारली. ती पाण्यातून रेघ काढत मध्यापर्यंत आली. सुलक्षानं ती घेतली. तिची चाल मला क्रीडादिनापासून पाठ आहे, डावा पाय जोरात, उजवा सांभाळून. एक मुलगी आडवी आली, घसरली, बसली. दुसरी मागून पोचलीच नाही. सुलक्षा माझ्याकडे, म्हणजे त्या गोलाकडे, सरळ येत होती. मी बटण दाबून ठेवलं. तिनं मारलं. गोलकीपर पुढं झेपावली, चकती तिच्या पायांखालून निघाली आणि जाळीकडे गेली. जाता जाता ती पाण्यात मंदावली, आणि गोलकीपरनं वळून तिच्यावर हातमोजा आपटला.

आमच्या मुली किंचाळल्या. सुलक्षा गुडघ्यांवर होती. तिनं काठी वर केली नाही. ती डोलमाकडे बघत होती.

डोलमा आली, वाकली. हातमोजा उचलेपर्यंत चकती हलली होती. तिनं दोन्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘दीदी, आपके पास फोटो होगा.’’

होता. पोत्यावर बसल्या बसल्याच मी मागे जात फोटो पाहिले. हातमोजा येण्याआधीचा एक अगदी स्वच्छ. लाल रेघ, तिच्यावर काळी चकती. नियम असा की सगळीच्या सगळी चकती रेघेपलीकडे जायला हवी, मध्ये पांढरा बर्फ दिसायला हवा. बर्फ कुठं दिसत नव्हता. मी पडद्यावर फोटो मोठा केला. तरी दिसेना.

माझ्याभोवती दोन्ही संघ जमले. त्यांच्या कप्ताननं पडद्यात डोकावून चटकन म्हटलं, ‘‘गोल है! दे दो, दे दो.’’ गोबरी गोलकीपरही म्हणाली, ‘‘हाँ, गोल.’’ सहा गोलांची आघाडी असली की माणूस दिलदार होतो, पण त्या खरोखरच देत होत्या. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. हो म्हणायला किती वेळ लागतो?

मी कॅमेरा सुलक्षापुढं धरला. ‘‘तूच बग.’’

तिनं हातमोजा काढला, नखानं पडद्यावर रेघ धरली. ओले केस कपाळावर, नाक गळत होतं. बराच वेळ बघितलं.

‘‘रेघेर असा,’’ ती म्हणाली. मग डोलमाला, ‘‘नहीं मॅडम. नहीं हुआ.’’

‘‘टीचर!’’ शमिका मैदानाच्या त्या टोकावरून ओरडली. गोलकीपर असल्यामुळे ती बिचारी एकटीच तिकडे होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं. ‘‘टीचर, जालो मगे?’’

‘‘नाय गे! परत खेळूया!’’

परत खेळल्या. आमच्या मुली त्या चिखलात अशा भिडल्या की डोलमाला दोनदा शिटी फुंकून त्यांना सोडवावं लागलं. एकदा चकती गोलखांबाला लागली, तो फोटो माझ्याकडे नाही. कॅमेऱ्यातली बॅटरी तेव्हा मेली होती आणि ब्लाउजातल्या दुसरीपर्यंत मला हात घालता येईना, इतके कपडे होते. मग शेवटची शिटी झाली.

लडाखी मुलींनी सुलक्षाला खांद्यावर घेतलं. ती ‘‘गुडघो! गुडघो!’’ ओरडत होती आणि त्यांना वाटलं ती आनंदानं ओरडतेय.

पेडणे

परतल्यावर एका स्थानिक वर्तमानपत्रातून फोन आला. त्यांना फोटो हवा होता. ‘‘ताई, रेघ जरा कापली तर गोलच दिसता,’’ तो माणूस म्हणाला. मोठा व्यवहारी सल्ला. मी सुलक्षाला फोन लावून विचारलं, कारण गोल माझा नव्हता.

‘‘पेपरात नको,’’ ती म्हणाली. ‘‘पण माका मोठो करून देवा. शाळेच्या व्हरांड्यात लावचो असा. थंय मुलींची शूजची पेटी असा, तिच्या वर.’’

‘‘मोठो करताना बाजू कापतंय. खूप बर्फ असा.’’

‘‘बर्फ कापा हवो तितको. रेघ दिसाक व्हयी.’’ पलीकडून मधल्या सुट्टीचा गोंधळ ऐकू येत होता. कुणाला तरी ती ‘‘पळू नको गे!’’ म्हणून ओरडली आणि परत फोनवर आली. ‘‘रेघ दिसली नाय तर, किती उरला असा ता ह्यांका कसा कळतला?’’